सहा कैदी, एक मॅडम आणि न संपणारा अहवाल

निवृत्त माणसाच्या घरात दोन गोष्टी न मागता साठतात: गोळ्यांच्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्यांवर निदान मुदत तरी छापलेली असते! माझ्याकडचे बरेचसे किस्से एकाच सिनेमाचे आहेत, आणि तो सिनेमा मी सात वेळा पाहिला आहे. हौस म्हणून नव्हे. हौसेने कोणी एवढा त्रास करून घेत नाही.

आम्ही चौघे. मी निवृत्त लिपिक. वानखडे सर निवृत्त मुख्याध्यापक. रहीमभाई टेलर, ज्यांची मशीन आता मुलगा चालवतो. आणि इंगोले हवालदार, पोलिसातून निवृत्त, शेलूबाजारहून जीपमध्ये कोंबून घेऊन मंगरूळपीरला येणारे. आमच्या वाचनालयाला कुठल्याशा योजनेत प्रोजेक्टर मिळाला आणि रविवारी दुपारी सभागृह आमचं झालं.

मग वाचनालयाच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं. अध्यक्ष महसुलातले निवृत्त अधिकारी. अजूनही हाक मारली की आधी चष्मा लावतात, मग बघतात. म्हणाले, "योजना बंद करायची आहे. शेवटचा एक सिनेमा पाहा, गुण-दोषांचा दोन पानी अहवाल द्या. अहवाल आला की सभागृह अबॅकसच्या क्लासला!"

 इंगोल्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगा पुण्यात असतो. आठवडाभरात हा माणूस जेवढं बोलतो, त्याच्या दुप्पट रविवारी बोलतो. बहुतेक सगळं सिनेमा चालू असताना!

*

सिनेमा सरांनी निवडला. अमेरिकन, हिंदीत डब केलेला, चित्रकथेच्या पुस्तकावरून काढलेला. सहा अट्टल गुन्हेगार. एक सिमेंट खातो, एक बाई सावल्यांशी बोलते, एक सुरे फेकतो आणि फेकताना रडतो. उरलेले तीन असेच. एक सरकारी मॅडम त्यांना जेलमधून काढते आणि सांगते, बुडणारं शहर वाचवा, निम्मी शिक्षा माफ.

दहाव्या मिनिटाला इंगोले उठून पडद्यासमोर उभे राहिले. सुरेवाल्याचा रडका चेहरा त्यांच्या शर्टावर आला.

"सहा कैदी अन् गार्ड एकच? बेड्या कुठं हायत?"

"भाऊ, ते शहर वाचवायले चालले," मी म्हणालो.

"वाचवा ना! पन बेड्या घालून वाचवा!"

*

रहीमभाईंनी कथा पाहिलीच नाही, कपडे पाहिले.

"बाबूजी, रोको, रोको!" म्हणून त्यांनी सावलीवाल्या बाईचा लांब कोट पडद्यावर अकरा मिनिटं थांबवून ठेवला. "खिसे देखो! दिखावे के नहीं, असली हैं. ह्या कारागिराचा हात धुऊन पानी प्यालं पाह्यजे."

पुढे ती बाई आगीत सापडली. संगीत चढलं. सरांनी खुर्चीचा हात धरला. बाई कशीबशी बाहेर आली, कोट मात्र जळाला.

"वाचली!" सर म्हणाले.

"वो तो ठीक है सर," रहीमभाई कळवळून म्हणाले, "पर अस्तर गया!"

अहवालात 'गुण' या रकान्यात पहिली नोंद पडली: कोटाची शिलाई.

*

मग बालपणं सुरू झाली. प्रत्येक गुन्हेगाराचं वेगळं बालपण, प्रत्येकाचं वाईट. एकाचा बाप मारायचा, दुसऱ्याचं घर जळालं, तिसऱ्याला कोणी वाढदिवसाला बोलावलं नाही. अर्धा सिनेमा बालपणातच गेला. तोवर शहर बिचारं बुडायचं थांबून होतं.

सर भडकले. "काय रडून राह्यले हे! माह्या वर्गात याच्याहून वाईट दिवस काढलेली पोरं होती. पायात चप्पल नाही, डब्यात भाकर नाही. कोनी सुरे फेकाले निंघालं काय?"

"मंग काय झालं त्यायचं?" इंगोल्यांनी विचारलं.

"बाबू झाले!"

तिघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी सिनेमा पुढे सरकवला.

एक जागा मात्र सरांनीही मान्य केली. लढाईच्या आधी हे सहा जण एका ओसाड हॉटेलात बसून थंड शेवया खातात आणि खिडकीजवळ कोणी बसायचं यावर भांडतात. कोणी मरत नाही, काही फुटत नाही. सर म्हणाले, "ह्या पाच मिन्टात हे एकमेकायचे वाटतेत. बाकी टाइम नुसती गर्दी." त्या पाच मिनिटांत आमच्यापैकीही कोणी बोललं नव्हतं. इंगोलेसुद्धा!

*

अहवाल लिहायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. चाळीसेक वर्षं नोकरीत घालवलेल्या माणसाला गुण-दोष लिहिण्याचा एकच नमुना येतो, गोपनीय अहवालाचा. मी तोच वापरला.

सिमेंट खाणारा: कामाचा उरक उत्तम. निम्मं शहर एकट्याने पाडलं. जबाबदारी निश्चित करावी.

सुरेवाला: भावनाशील. धारदार साहित्य हाताळण्यास अयोग्य.

खलनायक: शेवटच्या वीस मिनिटांत हजर झाला. त्यापूर्वीची रजा मंजूर असल्याचं दिसत नाही.

मॅडम: स्वतः काहीही न करता सहा जणांकडून काम करून घेतलं. पदोन्नतीस पात्र!

सरांनी शुद्धलेखन तपासलं आणि सही केली. रहीमभाईंनी सही केली. इंगोल्यांनी पेन घेतला आणि परत ठेवला.

"सहा जन गाडीत चढले, शहरात पाच उतरले. सहावा कुठं गेला? कैदी कमी असतानी मी सही करत नसतो."

आम्ही तेवढा भाग परत लावला. खरंच पाचच उतरले! लिहिणाऱ्याला सहा जण झेपले नव्हते. एक मधेच विसरला, आणि एवढ्या मोठ्या सिनेमात ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

*

पुढच्या रविवारी त्यांना गाडीचा नंबर खटकला. त्याच्या पुढच्या रविवारी जेलच्या भिंतीची उंची. मग दोन रविवार सुऱ्यांचा पंचनामा. प्रत्येक वेळी सिनेमा पहिल्यापासून. मला त्या खलनायकाचे संवाद पाठ झाले, बायकोशी बोलताना तोंडात यायला लागले!

सहाव्या रविवारी मी चिडलो. "इंगोले, करा सही! मले आता कंटाळा आला या सिनेमाचा."

"तुमाले सिनेमाचा कंटाळा आला बाबूजी," ते पडद्याकडेच पाहत म्हणाले. "मले सोमवारचा येते."

मी पेनाला टोपण लावलं आणि फाइलवर शेरा मारला: मुद्दा प्रलंबित.

*

सातव्या रविवारी अध्यक्ष स्वतः आले. "सहा आठवडे एका सिनेमाला? आज मी निकाल लावतो." पहिल्या रांगेत बसले, चष्मा लावला. त्यांच्या धाकाने कोणी सिनेमा थांबवला नाही, कोणी बोललं नाही. मी तो पहिल्यांदाच सलग पाहिला. सलग तर तो आणखीच वाईट निघाला!

दिवे लागले. अध्यक्षांनी फाइल मागितली, पहिल्या पानापासून वाचली. सहाव्या कैद्याच्या मुद्द्यावर थांबले आणि समासात लिहिलं: 'फरार समजावे. मुद्दा निकाली.' गाडीचा नंबर, निकाली. भिंत, निकाली. सुरे, निकाली.

"हवालदार, सही करा."

इंगोले उठले. खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत पुसला. पेन घेतला. सर खिडकीबाहेर बघायला लागले. रहीमभाई खुर्चीच्या गादीचा उसवलेला टाका बोटाने दाबत बसले.

"थांबा," अध्यक्ष म्हणाले.

त्यांनी फाइल परत ओढून घेतली, मागची पानं चाळली, पुढची चाळली.

"त्या मॅडमनं सहा जणांना जेलमधून काढलं, ते कोणाच्या आदेशानं?"

कोणालाच माहीत नव्हतं. सात वेळा पाहूनही.

अध्यक्षांनी सावकाश, वळणदार अक्षरात शेरा लिहिला आणि खाली लफ्फेदार सही ठोकली. मी वाकून वाचला: 'मूळ आदेशाची साक्षांकित प्रत जोडून फेरसादर करावे.'

"साहेब," वानखडे सर दबकत म्हणाले, "तो आदेश अमेरिकेत असंन."

"मग मागवा," अध्यक्ष चष्मा काढत म्हणाले. "उचित मार्गाने!"