बारा थाळ्या आणि एक रोल

कलकत्त्याच्या हरचंद्र सरकार गल्लीत गेली पन्नास वर्षं एक कुजबुज चालत आली आहे. गफूर उस्तादांच्या कबाबच्या दुकानातल्या बारा तामचिनी थाळ्या तिनकडी दलुईनं लांबवल्या म्हणे. गिऱ्हाइकांपुढे कबाब-पराठा ठेवायला काही उरलंच नाही, तेव्हा उस्तादांनी कबाब पराठ्यात गुंडाळला, भोवती कागद लपेटला आणि सरळ हातात दिला. असा रोल जन्मला. चोरीच्या पोटी.

आता रोल नेमका कुठे जन्मला यावर या शहरात एकमत व्हायचं तर आधी हुगळी उलटी वाहायला हवी. चौरंगीकडचे बडे दुकानदार आमच्या गल्लीचं नाव ऐकलं की नुसतं हसतात. पण गल्लीतसुद्धा एक बाप ठरत नाही. उस्तादांचा नातू मुस्तकीम आज दुकान चालवतो. तो सांगतो, आजोबांना रोल स्वप्नात दिसला. समोर शिबेन पालचं दुकान, तेही रोलचंच. त्याचं म्हणणं, त्याचे काका कचेरीत कारकून होते, ट्राम सुटत होती, ते पळता पळता म्हणाले, गुंडाळून दे रे, आणि उस्तादांनी दिलं. म्हणजे डोकं पालांचं, उस्तादांचा नुसता तवा. दोन्ही गोष्टी अळणी. लोकांना चोरीचीच आवडते.

त्या चोराला मात्र विचारायला कुणी जात नाही. तो बसतो दुकानाच्या मागच्या बाजूला, पाटावर, विळीपुढे. वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी तो इथे थाळ्या घासायचा. रोल आला, थाळ्या गेल्या आणि घासणाऱ्याला कांद्यावर बसवलं. तेव्हापासून तो कांदा कापतो आहे. वैतागून डोळ्यांत पाणी आलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. बघणारा म्हणतो, कांदा तिखट दिसतोय आज.

वैतागायला कारणं कमी नव्हती. लग्नाच्या पंगतीला तो बसला की वाढपी मुद्दाम मोठ्यानं म्हणणार, पानं केळीचीच मांडा रे, काका आलेत. गिऱ्हाईक दुकानात डोकावून विचारणार, "तिनकडीकाका, थाळीत मिळेल का एखादा?" आधी आधी तो उठून भांडायचा. मग नुसता कांदा जोरात कापायचा.

या कुजबुजीचे जन्मदाते खुद्द उस्ताद. भला माणूस, पण जिभेला हाड नाही. रोल चालायला लागल्यावर थाळ्या कुणी मागेना, म्हणून त्यांनी त्या कुठल्याशा मदरशाला देऊन टाकल्या. कुणी विचारलं, थाळ्या कुठे गेल्या, की डोळा मारून म्हणायचे, तिनकडीनं पळवल्या. थट्टा होती. ते पैगंबरवासी झाले आणि थट्टेचा साक्षीदार गेला; उरलं ते सगळ्यांनी खरं धरलं.

हे असंच चाललं असतं. पण यंदा गल्लीच्या दुर्गापूजेचं पंचाहत्तरावं वर्ष. अलीकडे मांडवाला विषय लागतो. कुणी चांद्रयान करतं, कुणी बुडणारं गाव. ही पूजा भरवणाऱ्या गल्लीच्या क्लबचा चिटणीस बुलुदा, ज्याला स्वतःच्या लग्नापेक्षा पूजेची तारीख चांगली लक्षात राहते, त्यानं जाहीर केलं की आपला विषय रोलचा जन्म. मांडवच मुळी एका अजस्र रोलच्या आकाराचा. कागदाच्या टोकाकडून आत शिरायचं, वाटेत मातीचे पुतळे बघत जायचं, शेवटी देवी. आणि पहिलाच पुतळा बगलेत बारा थाळ्या मारून मागे बघत पळणाऱ्या चोराचा.

कुमारटुलीच्या मूर्तिकारानं तरुण तिनकडीचा फोटो मागितला. मुस्तकीमनं उत्साहानं शोधून दिला. पंधरा दिवसांनी तिनकडी मांडवात डोकावला तर ओल्या मातीत त्याचं स्वतःचं नाक त्याच्याकडे बघत होतं.

तो तसाच बुलुदाकडे गेला. बुलुदा बांबू मोजून घेत होता.

"बुलु, मी थाळ्या चोरल्या नाहीत."

"मला ठाऊक नाही होय, काका? चोर असता तर एव्हाना नगरसेवक झाला असता. कांदा कशाला कापला असता?"

"मग तो पुतळा काढ."

"पुतळा काढला तर गोष्टीत राहिलं काय? बरं, चोरल्या नाहीत. मग त्या दिवशी तुम्ही होता कुठे, तेवढं सांगा. आत्ताच्या आत्ता बदलतो."

तिनकडीनं मागे वळून बघितलं. दहा पावलांवर त्याची बायको चारुबाला परवल विकणाऱ्या भाजीवाल्याशी घासाघीस करत उभी होती.

इथेच पन्नास वर्षांचं घोडं पेंड खात होतं. त्या दिवशी सुट्टी हवी म्हणून तिनकडीनं उस्तादांना सांगितलं होतं की सासू शेवटच्या घटका मोजतेय. सासू त्या वेळी विजयगडच्या निर्वासित वसाहतीत उन्हात बसून लोणच्याच्या बरण्या हलवत होती, खणखणीत. पण बारा दिवसांनी ती खरोखरच गेली. अंघोळीहून आली, बसली आणि गेली. आता बायकोला काय सांगणार? चारुबाला पूर्व बंगालकडची, फाळणीत सगळं मागे टाकून आलेल्या घरातली. शकुन-अपशकुनाला पक्की, जिभेला त्याहून पक्की. नवऱ्यानं आपल्या आईला जिवंतपणी मरणाच्या दारात बसवलं आणि यमानं ते ऐकलं, एवढा हिशोब तिनं एका श्वासात केला असता. तिनं एकदाच विचारलं होतं, चोरल्या नाहीत तर होता कुठे? तो म्हणाला, कामावर. ते खोटं होतं हे तिला कळलं. पुन्हा तिनं विचारलं नाही.

तिनकडी मूर्तिकाराकडे गेला. निदान नाक बदल, म्हणाला. मूर्तिकार म्हणाला, बाबा, इतकं नमुनेदार नाक पुन्हा कुठे मिळायचं. मुस्तकीमला सांगावं तर तो म्हणाला, काका, लोक रांगा लावतील, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. सगळे त्याच्याशी इतक्या प्रेमानं बोलत होते की भांडायलाही जागा सापडेना.

पंचमीला पुतळ्याला रंग चढला. दुपारी चारुबाला वेणी घालून, गल्लीतल्या बायकांबरोबर मांडव बघायला निघाली. तिनकडी दारात आडवा आला.

"अगं, जाण्याआधी ऐक. मी थाळ्या चोरल्या नव्हत्या."

"बरं."

"बरं काय? खरंच नव्हत्या."

चारुबाला उंबऱ्यावरच बसली. मग पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिनं सांगितलं की त्या वर्षी पूजेला त्यानं लाल काठाची गरद रेशमाची साडी आणली, ती कशातून आली हे तिला तेव्हाच कळलं होतं. थाळी घासणाऱ्याला गरद कुठून परवडणार? लोक चोर म्हणायचे तेव्हा ती मान खाली घालायची, पण मनात म्हणायची, माझ्यासाठी केलं त्यानं. ती साडी तिनं कुणाला हात लावू दिली नव्हती.

"उस्तादांनी ईदला सगळ्यांना बक्षिसी दिली होती," तिनकडी म्हणाला. "त्यातली."

"मग त्या दिवशी होता कुठे?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. त्यानं सगळं सांगितलं. सुट्टीसाठी केलेली थाप, सासूबाईंचं नाव, आणि मैदान. फुटबॉलचा सामना, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. तो घोटी, म्हणजे मूळचा इकडचा, डाळीत साखर घालणारा, मोहन बागानचा. ती बांगाल, म्हणजे पूर्वेकडची, ईस्ट बंगालची. या घरात डाळीत साखर घालायची की नाही यावरून लग्नाचं पहिलं वर्ष गेलं होतं.

तो आईच्या नावानं रडारडीची वाट बघत होता. चारुबालानं विचारलं,

"कोण जिंकलं?"

ती उठली, पदर खोचला आणि निघाली.

मांडवात बुलुदा दिव्यांच्या माळा तपासत होता. चारुबाला दोरी ओलांडून पुतळ्यापाशी गेली आणि तिनं मातीच्या बगलेतून एकेक करून बाराही थाळ्या उपसल्या. खऱ्या तामचिनी होत्या, क्लबनं नव्या आणलेल्या. बुलुदा धावत आला. काकी, काकी, हे काय करताय?

"माझ्या नवऱ्यानं चोरल्या नाहीत. मी चोरतेय. पुढच्या वर्षी माझा पुतळा कर."

आणि थाळ्या घेऊन ती घरी गेली. तिला अडवायची छाती गल्लीत कुणाची नव्हती, आणि दुसऱ्या थाळ्या आणायला बुलुदाकडे वेळ नव्हता.

सप्तमीला मांडव उघडला तेव्हा पहिला पुतळा मोकळ्या बगलेनं पळत होता. हे कसलं ध्यान, म्हणून लोक विचारायला लागले. शिबेन पालनं संधी साधली. दुपारपर्यंत पुतळ्याच्या बगलेत एक छत्री आली, पायाशी पाटी आली: ट्राम पकडायला निघालेले पालबाबू. मुस्तकीमनं दोन दिवस समोरच्या दुकानाकडे बघितलं नाही. शिबेननं गल्लीभर संदेश मिठाई वाटली.

तिनकडीनं अष्टमीला रांग लावली. दोन तास. पुतळ्यापाशी पोचल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, "तो मी आहे." त्या माणसानं एकदा छत्रीकडे बघितलं, एकदा याच्याकडे, आणि आपल्या बायकोला हळूच पलीकडे ओढलं. पन्नास वर्षं चोर म्हणवून घेतलं, तेव्हा निदान नाव तरी आपलं होतं. आता चोरी गेली आणि नाकही पालांच्या घरात गेलं. तो घरी येईपर्यंत पुटपुटत होता.

चारुबालानं पान वाढलं होतं. त्या बारांतल्याच एका थाळीत. डाळीत साखर नव्हती. तो निमूट जेवला.

"झालं की थाळी घासा," ती म्हणाली. "पन्नास वर्षं राहिलीय."

त्यानं घासली. राखेनं, नळाखाली, काठासकट.

थाळ्या कुणी चोरल्याच नव्हत्या. त्या दिवशी त्या दुकानामागच्या पिंपात आदल्या दिवसाच्या खरकट्यासकट पडून होत्या, कारण त्या घासणारा माणूस पहाटेपासून मैदानावर तिकिटाच्या रांगेत उभा होता. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला.