शहाद्याच्या कपाटातली व्हिस्की

सुरतेत राहून व्हिस्की जमवायचा छंद असेल, तर बाटल्या दुसऱ्याच्या घरी ठेवाव्या लागतात. गुजरातेत दारूबंदी. म्हणून माझ्या वाट्याच्या बाटल्या शहाद्याला, किशोरच्या घरी, लोखंडी कपाटात असायच्या. त्याच्या आणि गिरीशच्याही तिथेच. आम्ही तिघं धुळ्याच्या हॉस्टेलपासूनचे मित्र. किशोर शेती करतो, गिरीश पुण्याच्या कंपनीत असून कामासाठी परदेशात जाऊन-येऊन असतो, आणि मी उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापडाचे रंग जुळवतो. दर डिसेंबरात सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की आम्ही शहाद्याला जमायचो. कोणीतरी आणलेली नवी बाटली उघडायची, थोडीथोडी चाखायची, चवीवरून भांडायचं, आणि उरलेली बूच लावून कपाटात.

यंदा फोनवर किशोर फार बोलला नाही. ये म्हणाला, काय आणू विचारलं तर काही नको म्हणाला. तरी मी रजा टाकली. माझी बायको दोन वर्षांपासून बंगळुरूला मुलीकडे आहे, नातू लहान आहे म्हणून. मिलमध्ये सगळे मला 'साहेब' म्हणतात. 'अरे-तुरे' करणारी माणसं आता शहाद्यालाच भेटतात.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगतो. सुरतेहून भुसावळकडे जाणारी कुठलीही सकाळची गाडी धरा. व्यारा, सोनगड मागे पडलं की डोंगर जवळ येतात आणि नवापूरला महाराष्ट्र सुरू होतो. तिथे चहा घ्या, गाडी थांबते तेवढ्यात होतो. नंदुरबार स्टेशनवरून रिक्षाने बसस्टँड, आणि तिथून प्रकाशा गावामार्गे शहाद्याची लाल बस. प्रकाशाच्या पुलावरून तापी दिसते, डिसेंबरात पाणी भरपूर असतं. खिडकी उजवीकडची पकडा.

मी मात्र ती नदी नीट पाहिली नाही. नंदुरबारला उतरलो तेव्हाच गिरीशचा व्हॉइस मेसेज आला होता. ऑफिसचं काम निघालं, जमत नाही म्हणाला. आणि शेवटी हसत, "किशोरची तर बंद झालीय म्हणे. कोरडी बैठक काय करायची?"

मला हे माहीतच नव्हतं. बसमध्ये मी तो मेसेज पुन्हा ऐकला. शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर बोरांची पिशवी होती, त्यांनी न विचारता मूठभर बोरं माझ्या हातावर ठेवली. शहादा येईपर्यंत मी ती खात राहिलो.

स्टँडवर किशोर मोटारसायकल घेऊन उभा होता. शर्ट त्याचाच, पण दोन मापं मोठा वाटत होता. मला बघून हसला आणि माझ्या मागे बघितलं, अजून कोणी उतरतंय का म्हणून. गिरीश येत नाही हे मी सांगितल्यावर त्याने मान हलवली आणि गाडीला किक मारली.

त्याचं घर गावाबाहेर, केळीच्या शेताला लागून. सुनंदावहिनींनी भरीत केलं होतं, हिरव्या वांग्यांचं, वर कांद्याची पात, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. हे भरीत हॉटेलात मिळतं तसं नसतं. काडीकचऱ्यावर वांगी भाजलेली असतील तरच खा. जेवताना किशोरने काय झालं ते सांगितलं. पावसाळ्यात पाय सुजले, धुळ्याच्या डॉक्टरने तपासण्या केल्या, यकृत बिघडलंय म्हणाला. आता एक थेंब चालणार नाही. आम्हाला का कळवलं नाहीस, मी विचारलं. तो म्हणाला, कळवून काय होणार होतं. गिरीशला कळलं ते त्याने स्वतःच दुसऱ्या कामासाठी फोन केला तेव्हा.

जेवण झाल्यावर त्याने वहिनींकडे हात पसरला. त्यांनी पदराची गाठ सोडून किल्ली दिली.

कपाटात वीसेक बाटल्या असतील. किशोरने त्यांतली एक काढली, स्कॉटलंडच्या कुठल्यातरी बेटावरची, गिरीशने आणलेली. एकाच ग्लासात बोटभर ओतली. आधी स्वतः हुंगली. डोळे मिटून, बराच वेळ. मग ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तू पे. आनि सांग."

मी घोट घेतला. जळक्या लाकडाचा धूर, आयोडीन, मागून किंचित मीठ. ही बाटली पहिल्यांदा उघडली तेव्हा गिरीश हिला दवाखाना म्हणाला होता आणि किशोर हसून हसून खोकला होता. आता अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बाहेरची बातमी सांगावी तसा मी एकेक शब्द सांगत होतो आणि तो समोर बसून ऐकत होता. दुसरा घोट माझ्याने घेववला नाही. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, त्याच्या नाकाकडे होतं.

सकाळी किशोर पाण्याची मोटार चालू करायला शेतात गेला, तेव्हा वहिनींनी मला ओट्यावर चहा दिला आणि तिथेच बसल्या. कपाट रिकामं करायला मी त्याला सांगावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी सांगून पाहिलं होतं, मुलाने सांगून पाहिलं होतं. रोज दुपारी तो किल्ली मागतो, बुचं काढून वास घेतो आणि परत ठेवतो.

"भाऊ, तुम्ही वरीसमा एकदाव येतस. मी रोज ते कपाट देखस," त्या म्हणाल्या. "आज वास लेतस. सकाय काय करतीन, मन्हा भरोसा नही ऱ्हायना."

मी हो म्हणालो. पण कपाट गेलं तर आमचा डिसेंबरही गेला, हे मला दिसत होतं.

मग आम्ही सारंगखेड्याला गेलो. शहाद्याहून मोटारसायकलने पाऊण तास, वाटेत ऊस आणि कापूस, आणि कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर, त्यांच्यामागून जाताना तोंडाला रुमाल बांधा. जत्रेत दत्ताच्या देवळाला आधी गर्दी असते, म्हणून घोडे आधी बघा आणि दर्शन नंतर घ्या. तापीकाठच्या मैदानात घोड्यांच्या रांगा होत्या. मारवाडहून आलेले, पंजाबातून आलेले, पांढऱ्याशुभ्र घोड्यांभोवती फोटो काढणाऱ्यांची झुंबड. एक म्हातारा गिऱ्हाईक एका तांबड्या घोडीच्या कपाळावरचा केसांचा भोवरा बोटाने चाचपत होता आणि मालक, हा भोवरा शुभच आहे असं त्याला पटवत होता. आम्ही जेवणाच्या पालात बसून शेवभाजी मागवली. दोघांचं मिळून तीनशेच्या आत झालं, रस्सा जहाल होता. किशोरने भाजीला हात लावला नाही, नुसता भात खाल्ला.

तिथेच मी बोललो. बाटल्या घरात नकोत म्हणालो. वहिनींचं नाव घेतलं नाही, पण त्याला कळलं. त्याने भाताचं ताट बाजूला सारलं. मला वाटलं चिडेल. तसा तो लगेच चिडायचा.

"मी पेवाव नही," तो म्हणाला. "मरानी माले बी भीती शे."

मग कशाला ठेवतोस, मी विचारलं.

"बाटल्या ग्यात म्हंजे मन्हाकडे कोन यीन? गिरीश उना का? तूबी येवाव नही मंग."

येईन म्हणालो, पण ते म्हणायच्या आधी जो वेळ गेला तो दोघांनाही कळला. पुढे आम्ही तासभर दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो.

परतल्यावर त्यानेच वहिनींकडून किल्ली घेतली. बाटल्या दोन टोपल्यांत भरून आम्ही केळीच्या बांधापलीकडे नेल्या. तिथे त्याने कुदळीने खड्डा खणला, मला खणू दिलं नाही. एकेक बूच काढून तो वास घ्यायचा, कोणी आणली आणि त्या वर्षी काय झालं होतं ते सांगायचा, मग ओतायचा. जपानची एक अजून सीलबंद होती. ती गिरीशला पाठवायची का, मी विचारलं. त्याने सील फोडलं आणि ओतली. मी एकही घोट घेतला नाही. तो घे म्हणाला नाही, आणि मलाही ते बरं वाटलं नसतं. ओल्या मातीतून असा दर्प उठला की वहिनी पदर नाकाला लावून लांब उभ्या राहिल्या, पण शेवटची बाटली रिकामी होईपर्यंत हलल्या नाहीत. संपल्यावर किशोर बांधावर बसला. वहिनींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी केळीत थोडा पुढे चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. स्टँडवर तो बस सुटेपर्यंत थांबला. पुढच्या वर्षीचं कोणीच काही बोललं नाही.

घरी आल्यावर आठवडाभर मी गिरीशच्या फोनची वाट पाहिली. बाटल्यांचं कळवल्यावर त्याने एक रडका चेहरा पाठवला होता, तेवढंच. मग होळीला मला दोन दिवस सुट्टी मिळाली आणि मी कोणाला न सांगता गाडीत बसलो. शहाद्याला पोचलो तेव्हा किशोर अंगणात केळीचे घड मोजून घेत होता. का आलास, त्याने विचारलं नाही. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो. हवापाणी झालं, मुलांचं झालं, केळीचा भाव झाला, आणि सात वाजायच्या आत बोलायचं सगळं संपलं. पूर्वी अशा वेळी कोणीतरी ग्लास पुढे करायचं. आता तो खुर्चीतच पेंगला, डोकं एका बाजूला कललं. आतून वहिनींनी विचारलं, भाऊ, तुम्हाले आत खाट टाकू का? मी नको म्हणालो आणि त्याला जाग येईपर्यंत बसून राहिलो.