मनगटावरची संख्या

दवाखान्यात अप्पांच्या मनगटाला प्लास्टिकची पट्टी बांधली आहे. तिच्यावर सात आकडी संख्या आहे, ४७१८२९५. जन्मभर शाळेत गणित शिकवलेले माझे वडील सकाळपासून तिच्याकडे टक लावून बसलेत.

पूर्वी रस्त्याने चालता चालता ते गाड्यांच्या नंबरांचे अवयव पाडायचे. अंकांची बेरीज करून नवाने भाग जातो का बघायचे, मग अकराची कसोटी लावायचे. "कितीही मोठी असू दे, आत शिरायला कुठेतरी दार असतंच," म्हणायचे. मूळ संख्या निघाली की मात्र घर येईपर्यंत गप्प.

आज बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं.

"मूळ संख्या आहे, बाई. कशानेच भाग जात नाही."

मी मनात बेरीज केली. छत्तीस आली, म्हणजे नवाने भाग जात होता. खरं तर बेरजेचीही गरज नव्हती. शेवटचा अंक पाच होता, चौथीतल्या पोरानेही सांगितलं असतं. संख्येची दारं होती तिथेच आहेत. मी अप्पांमध्ये कुठून शिरू, ते मला महिनोन् महिने सापडलेलं नाही.

"हो, सर," मी म्हणाले.