पूर्व-पश्चिम कोर्ट

जगाच्या क्रमवारीत माझा नंबर हजाराच्या अलीकडे-पलीकडे घुटमळतो. हे सांगताना मी लाजेन, असं लोकांना वाटतं. कशाला लाजू? औसा तालुक्यातल्या आमच्या गावात टेनिस खेळून पोट भरणारा मी पहिला, आणि अजून तरी एकटाच. गावातला माझा नंबर पक्का आहे.

मला शिकवलं लातूरच्या एका सरांनी. एसटीनं जाऊन-येऊन जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेतातच कोर्ट करायचं मनावर घेतलं. त्यांनी जन्मात टेनिस पाहिलं नव्हतं, पण मळणीचं खळं करण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. सरांकडून मापं आणली, मुरूम टाकला, पाणी मारलं, रूळ फिरवला, चुन्याच्या रेघा ओढल्या. अनवाणी चाललं तरी पायाला खडा लागत नव्हता.

सर बघायला आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. कोर्ट उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. अण्णांनी आखलं होतं पूर्व-पश्चिम.

"अहो, असं कसं केलंत?" सरांनी विचारलं.

"वारं मावळतीकडनं येतंय की, सर. खळं वाऱ्याला धरूनच करावं लागतंय. न्हाई तर धान्य उफणायचं कसं?"

सर पोट धरधरून हसले. अण्णांचा चेहरा उतरला. सगळं उकरून पुन्हा करतो म्हणाले. मला सरांचा असा राग आला की मी कोर्टाला हात लावू दिला नाही. पुढची कितीतरी वर्षं मावळत्या सूर्याकडे तोंड करून खेळलो. डोळ्यांतून पाणी यायचं, चेंडू उजेडात हरवायचा. हळूहळू डावा हात वर धरून त्याच्या सावलीतून चेंडू हेरायला शिकलो.

पुढे व्यावसायिक स्पर्धांना जायला लागलो आणि हरायला लागलो. बहुतेकदा पात्रता फेरीतच गाशा गुंडाळायचा. मुख्य फेरीत एक सामना जिंकला की क्रमवारीतला पहिला गुण मिळतो. तोवर यादीत नावच नसतं. चुलत्यांनी माझ्यासाठी नांदेडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा बघून ठेवली होती. या हिवाळ्यात गुण मिळाला नाही तर बॅट खाली ठेवतो, असा शब्द मी घरच्यांना दिला होता. रॅकेटला आमच्या घरात बॅटच म्हणतात.

हंगामाची शेवटची स्पर्धा परराज्यात होती. पात्रता फेरी पार करून मी मुख्य फेरीत आलो. पहिलाच सामना तिसऱ्या सेटपर्यंत ताणला गेला. डिसेंबरची दुपार, दक्षिणेकडे झुकलेला सूर्य थेट माझ्या डोळ्यांत. समोरच्यानं ते हेरलं आणि उंच उंच चेंडू टाकायला लागला. बाबा रे, म्हटलं, टाक. तू टाकशील तितके टाक. डावा हात वर केला आणि एकेक चेंडू ठोकून काढला. त्याला काही कळेचना. शेवटचा चेंडू कोपऱ्यात आदळला, आणि मी तिथंच खाली बसून रडलो. अण्णांच्या चुकलेल्या कोर्टाचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

घरी फोन लावला. चुलत्यांनी उचलला. गुण मिळाल्याचं ऐकून ते खूश झाले, पण लगेच म्हणाले, "झालं न्हवं मनासारखं? नाव लागलं. आता ये नांदेडला, जागा अजून हाय."

मलाही क्षणभर वाटलं, की आता थांबलं तरी चालेल. तेवढ्यात फोन अण्णांनी घेतला. शाबासकी देतील म्हणून मी कान टवकारले.

"उद्या कोनासंगं हाय रं?"

"लई तगडा हाय, अण्णा."

"असू दे. जेव आन् लवकर झोप."