टाकीच्या तळाचं पाणी

सुरतेतल्या उधन्याच्या त्या शेडमध्ये मेणबत्त्या बाकीच्या बायका करायच्या. मंदाकडे काम होतं ते मागे उरलेलं मेण काढायचं. साच्यांच्या नळ्यांत अडकलेलं, टाकीच्या कडांना थरावर थर चढलेलं, नळाच्या तोंडात दगड होऊन बसलेलं. लोखंडाची पट्टी ती वापरायची नाही. साच्याला ओरखडा गेला की पुढच्या प्रत्येक मेणबत्तीवर तो उमटतो. बांबूची चपटी कांब आणि गरम पाण्यात पिळलेलं फडकं, एवढ्यावर तिचं काम चालायचं. नळावर फडकं गुंडाळून ती गप्प बसून राहायची. जरा वेळाने आतलं मेण सैल व्हायचं आणि बोटभर कांडी अख्खी बाहेर यायची. पायातला काटा न मोडता निघावा तसं मंदाला तेव्हा बरं वाटायचं.

तिच्या शेजारी पल्लवी वाती ओवायला बसे. जालन्याकडची पोर, लग्न करून सुरतेत आलेली. "काकू, हात बघा की तुमचे, नव्या नवरीचे असावेत तसे," ती म्हणायची. दिवसभर मेण चोळून मंदाचे तळवे खरंच मऊ झाले होते.

मंदाचा नवरा हिलाल त्याच शेडमध्ये मेण वितळवायच्या टाकीवर होता. दोघं खानदेशातली, शिंदखेड्याकडची. लग्नानंतर हिलाल कापडाच्या लूमवर लागला आणि निम्मं आयुष्य त्या खडखडाटात उभा राहिला. कान कधी गेले ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आधी घरातल्या टीव्हीचा आवाज मोठा झाला. मग कुकरची शिट्टी त्याच्यापर्यंत पोचेनाशी झाली. मग मंदाने मागून हाक मारली तरी तो वळेना, आणि तिला वाटलं, रुसलाय. शेवटी लूमवाल्याने त्याला घरी बसवलं. त्या दिवसांत हिलाल पलंगाच्या कडेला बसून भिंतीकडे बघत राही. मंदाला ते बघवेना. तिने शेडच्या मगनभाईला गळ घातली.

मगनभाई शेठचा उजवा हात. शेड उघडायची त्याने, बंद करायची त्याने, बायकांना बोलायचं त्याने. मनाने वाईट नव्हता. कुणाचं पोर आजारी असलं तर अर्ध्या दिवसाने सोडायचा. "कानाने ऐकू येत नाही त्यांना," मंदा म्हणाली, तेव्हा तो हसला होता. "टाकी पर कान का क्या काम, मंदाबेन? आंखें तो हैं ने?"

टाकीवर कानांचं काम होतं. हे मंदाला ठाऊक होतं आणि तरी ती गप्प बसली, कारण हिलालला काम मिळत होतं. मेण निवांत वितळतं तेव्हा त्याचा आवाज होत नाही. पण त्याच्याखाली पाणी राहिलं असेल तर ते तापून वर यायला बघतं, आणि वर येण्याआधी बोलतं. आधी मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज, मग बुडाशी धपधप. तेवढ्यात शेगडी बंद केली तर निभावतं.

म्हणून टाकी धुतल्यावर वाळवणं मंदाने स्वतःकडे घेतलं होतं. लाल मेण काढून पांढरं भरायचं असलं की टाकी सोड्याच्या गरम पाण्याने धुवावीच लागे, नाहीतर पांढऱ्या मेणबत्तीवर गुलाबी छटा येई. मंदा ती संध्याकाळी धुवायची, फडक्याने टिपायची, नळ आणि झाकण उघडं ठेवून घरी जायची. सकाळी पुन्हा एकदा कोरडं फडकं फिरवायची. नळापाशी तळाला एक खोलगट खड्डा होता, पाणी तिथे दडून बसायचं. तिथे ती फडक्याचं टोक पीळ देऊन खुपसायची, ते कोरडं बाहेर आलं की तळवा टेकवून खात्री करायची आणि मग हिलालला हाताने खूण करायची, भर. तो मेणाच्या लाद्या भरायचा. असं बरेच महिने सुरळीत चाललं. हिलाल परत अंगाने भरला. टाकीपुढे उभा राहून मेणाचा रंग बघून तो बरोबर सांगायचा, आता ओता. घरी जेवताना हातवारे करून दिवसभराच्या गोष्टी सांगायचा.

नवरात्र सरलं आणि दिवाळीची मागणी आली. दुसऱ्या टाकीचा नळ गळत होता, तो दुरुस्त करायला कुणाला सवड नव्हती. एकाच टाकीत सकाळी लाल, दुपारी पांढरं सुरू झालं.

"मगनभाई, रात्रभर उघडी राहायला पाहिजे ती," मंदा म्हणाली.

"पोछा मारी दो ने. चालशे."

"पोछ्याने तळ सुकत नाही."

"नीचे आग ज छे, मंदाबेन. आपोआप सुकाई जशे." आणि तो फोन कानाला लावून बाहेर गेला.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानेच सगळे निर्धास्त झाले. मंदा मात्र दुपार झाली की साचे घासता घासता थांबायची. पल्लवी काही बोलत असली तर हात वर करून तिला गप्प करायची आणि टाकीच्या दिशेने कान द्यायची. शेडमध्ये पंख्याची घरघर, शेजारच्या कारखान्यातला लूमचा आवाज, रस्त्यावरचे टेम्पो. एकदा तिला तडतड ऐकू आल्यासारखं वाटलं. ती धावत गेली तर हिलाल शांत उभा होता आणि मेण आरशासारखं स्थिर. "काय व्हयनं?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. काही नाही.

आठवड्याभरात टाकीने पहिली पिचकारी मारली. चार थेंब उडाले आणि हिलालच्या मनगटावर पडून पांढरे झाले. त्याने ते नखाने काढले, खालची कातडी लाल झाली होती, आणि हसून मंदाला दाखवलं. रात्री तिने त्याच्यासमोर बसून ओठ सावकाश हलवत सांगितलं, उद्यापासून तुम्ही टाकीवर जाऊ नका, साचे उचला, पेट्या भरा. हिलालने ताट बाजूला सारलं. मग भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याच्या पाठीकडे बघताना तिला पलंगावरचे ते जुने दिवस आठवले आणि तिने विषय वाढवला नाही.

ती दुपार तशी नेहमीचीच होती. मंदाने टाकी धुतली, टिपली, फडक्याचं टोक खड्ड्यात खुपसलं. ते ओलं आलं. पुन्हा खुपसलं, पुन्हा ओलं. मगनभाई डोक्यावर उभा होता, दारात टेम्पो लागला होता. "बस, बस, थई गयुं," म्हणत त्याने स्वतःच पहिली लादी टाकीत टाकली. मागोमाग हिलालने बाकीच्या भरल्या आणि शेगडी पेटवली. मंदा ओलं फडकं हातात घेऊन मागे सरली. ती साच्यांपाशी जाऊन बसली आणि तिने पल्लवीला म्हटलं, "आज बोलू नको माझ्याशी."

वरच्या लाद्या वितळल्या. मेण पारदर्शक झालं. हिलाल कडेवर दोन्ही हात ठेवून आत वाकून रंग बघू लागला.

तेव्हा तडतड सुरू झाली.

या वेळी शंका नव्हती. पल्लवीनेही मान वर केली. मंदा उठून पळाली. मध्ये पेट्यांची चळत होती, तिला वळसा घालताना ती ओरडत होती, "अहो! मागे व्हा! अहो!" आणि हिलाल तसाच वाकलेला, एखाद्या विहिरीत डोकावावं तसा. बुडाशी धपकन आवाज झाला. मंदाने मागून त्याच्या सदऱ्याची कॉलर पकडली आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. दोघं पडता पडता टाकी उसळली. मेणाचा पांढरा लोट छपराकडे गेला, कडेवरून सांडला, शेगडीवर आला आणि भक्कन पेटला. मंदाचा उजवा हात अजून पुढेच होता.

पल्लवी पाण्याची बादली घेऊन धावत आली. बिचारीला दुसरं काय सुचणार? जळत्या मेणावर पाणी पडलं असतं तर सगळी शेड गेली असती. मंदा वेदनेने कळवळत डाव्या हाताने नको नको अशी खूण करत होती. हिलालने तिच्याकडे बघितलं, पल्लवीकडे बघितलं आणि लाथेने बादली बाजूला उडवली. मग वाकून सिलेंडरचा कॉक बंद केला, पत्र्याचं झाकण ढालीसारखं पुढे धरून टाकीवर लोटलं आणि जमिनीवरच्या जाळावर पेट्यांखालची दमट पोती टाकत राहिला. हे सगळं त्याने एकट्याने केलं. मगनभाई दारात उभा होता, फोन हातात, कुणाला लावायचा ते न सुचून.

मंदाच्या हातावर मेण हातमोज्यासारखं बसलं होतं. दवाखान्यात ते काढलं तेव्हा त्याच्यासोबत कातडी आली.

दिवाळी तिने पलंगावर काढली. शेजाऱ्यांनी काळं पडलेलं छप्पर बघून ओरड केली, तेव्हा शेठने ती शेड सोडली. मगनभाई एकदा फळं घेऊन आला, खूप हळहळला. पुढच्या खेपेला त्याने सांगितलं की सुरतेबाहेर कडोदऱ्याला नवी शेड घेतली आहे, टाकी मात्र तीच नेली, आणि हिलालभाईसारखा माणूस मिळत नाही.

हिलालने त्याचे ओठ वाचले आणि मान डोलावली.

"नाही," मंदा म्हणाली.

मगनभाई गेल्यावर ती भांडली, रडली, पट्टी बांधलेला हात त्याच्या तोंडापुढे धरला. हिलालने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरून आले. मग तो हळू म्हणाला, "हात तुना जळना, मना नही." आपल्यामुळे तिचा हात गेला असं त्याला म्हणायचं होतं, की आपल्याला अजून काम करता येतं असं, ते तिला आजही सांगता येणार नाही. त्याने तिचं डोकं छातीशी धरलं. आणि सोमवारी सकाळी डबा घेऊन कडोदऱ्याच्या रिक्षात बसला.

काही दिवस मंदा घरात थांबली. दुपार झाली की ती घास ताटात ठेवून घड्याळाकडे बघायची. शेवटी तिने मगनभाईला फोन लावला. "टाकी कोण धुतं?"

"कोई बी धोई नाखे. केम?"

"मी येते उद्यापासून. टाकीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

ती गेली. नवी शेड आधीपेक्षा ठेंगणी होती, दार एकच. मंदाची दोन बोटं आता मिटत नव्हती. डाव्या हाताने तिने टाकी धुतली, टिपली, आणि सवयीने उजवा तळवा तळाच्या खड्ड्यात घातला. तिथे ओलं आहे की कोरडं, गार की गरम, तळव्याला काहीच कळलं नाही. ती वाकलेली तशीच राहिली. मग हात बदलून डावा घातला. धुऊन धुऊन तो आधीच ओला होता, आणि त्या हाताला अजून ही कामं नवी होती. ओलं असावं. नसेलही.

हिलाल लादी उचलून उभा होता, तिच्या खुणेची वाट बघत. त्याच्या मागे मगनभाई, दारात टेम्पो.

"थई गयुं?"

"थांबा," मंदा म्हणाली.

मगनभाईने घड्याळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बाजूला झाला. हिलालने लादी खाली ठेवली. मंदाने कोरडं फडकं घेतलं आणि पुन्हा टाकीत वाकली.

त्या दिवशी ते थांबले.