दत्तूच्या अमेरिकन रेकॉर्डी

सुरेखाचा, म्हणजे दत्तूच्या सुनेचा, फोन आला तेव्हा मी पाथरीच्या बाजारात मेथीच्या भावावरून हुज्जत घालत होतो. "काका, मामा गेले," एवढंच ती बोलली. जुडी तिथंच टाकून मी सेलूच्या जीपमध्ये बसलो. महिना होत आला आता. लोक म्हणतात, वय झालं होतं. वय माझंही झालंय की! असलं सांत्वन ऐकलं की माझं डोकं फिरतं... दत्तू वयानं गेला नाही.

लग्नाच्या बँडात आम्ही दोघांनी उभा जन्म काढला. तो क्लॅरनेटवर, मी ड्रमवर. त्याचे उस्ताद तरुणपणी हैदराबादेत साहेबलोकांच्या नाचाला वाजवायचे. जाताना त्यांनी दत्तूला आपला फोनो आणि अमेरिकेतल्या बँडांच्या जुन्या रेकॉर्डी दिल्या. त्या बाजाला स्विंग म्हणतात, एवढं उस्तादांनी सांगितलेलं. पण लेबलं कसरीनं खाल्लेली, वाजवणाऱ्यांची नावं कळायला मार्ग नव्हता. मग दत्तूनं त्यांना घरातलीच नावं दिली. ट्रम्पेटवाला दाजी, सॅक्सोफोनवाला आबा आणि क्लॅरनेटवाला धाकटा. "बघ बघ, धाकटा कसा सगळ्यायच्या मधून निसटायलाय!" असं म्हणत तो मांडीवर थाप मारायचा. वरातीत सिनेमाच्या गाण्यात मधूनच धाकट्याची एखादी लकेर घुसडायचा. वरबाप ओरडायचा, "ओ मास्तर, हे काय लावलंय?" दत्तू म्हणायचा, "आमच्या पाव्हण्याचं हाय."

पुढं डीजे आले आणि आमची माती झाली. बँड बसला, दत्तूचे दात पडले, फुंकणं संपलं. उरल्या त्या रेकॉर्डी. मी सेलूला गेलो की चहा, पान आणि धाकटा, हाच बेत. जगायला त्याला तेवढं पुरत होतं. खरंच पुरत होतं हो.

या उन्हाळ्यात सुरेखानं गच्चीवर कुरडया घातल्या. त्याच दिवशी दत्तूची खोली झाडताना रेकॉर्डींच्या पाकिटांतली कसर तिला दिसली. आपल्याकडं गोधड्यांना, डाळींना ऊन दाखवतात, तसं तिनं रेकॉर्डींनाही दाखवलं. एकेक फडक्यानं पुसून चादरीवर मांडली. सासऱ्यावर माया होती म्हणूनच केलं बिचारीनं. पण आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन ते! दुपारपर्यंत सगळ्यांच्या कडा पापडागत वर वळल्या.

मी गेलो तेव्हा दत्तू त्यातली एक मांडीवर घेऊन बसला होता. सुरेखा कोपऱ्यात रडत होती. "रडू नको पोरी. कसर लागलीच होती, बरं केलं तू," तो तिला म्हणाला. ती चहा टाकायला आत गेल्यावर मला हळूच म्हणाला, "दाजी, आबा, धाकटा... एकाच दिवशी गेले रे सगळे." त्यानंतर त्याचं जेवण तुटलं. डॉक्टर म्हणाले, आजार काहीच नाही. पावसाळा सरता सरता तो गेला.

परवा त्याच्या खोलीत, त्याच्याच खाटेवर बसलो होतो. सुरेखा मोबाइल घेऊन आली. "काका, यात जगातलं सगळं गाणं असतंय म्हणे. मामांचं ते बघू का?"

"बघ की. पण नाव काय टाकशील?"

तिनं मोबाइल माझ्या तोंडापुढं धरला. मग म्हणाली, "नाव नको. तुमी नुसतं गुणगुणा. गुणगुणलं तरी सापडतंय. तुमी लय वेळा ऐकलंय न्हवं?"

ऐकलं होतं, शेकडो वेळा. मी डोळे मिटले, तोंड उघडलं... काहीच येईना. मी ड्रमवाला माणूस. इतकी वर्षं तिथं बसून मी फक्त ठेका ऐकला, सूर त्याच्यावर सोडून दिला होता. शेवटी खाटेच्या कडेवर बोटांनी ठेका धरला. मोबाइलवर काहीतरी गोल गोल फिरलं आणि थांबलं. सुरेखानं तो बाजूला ठेवला, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "थांबू नका, काका."

मी वाजवत राहिलो. ठेक्यावर सूर काही आला नाही.