चिंचोके कमी उरले की

ऑफिसातले किस्से कुणी गोळा करत नाही. पॅन्ट्रीच्या सिंकमधल्या कपांसारखे ते आपोआप साठतात. आमच्या खराडीच्या सपोर्ट टीममध्ये आम्ही चौघं: मी, रेवती, अकोल्याचा मंगेश आणि अभ्या. शनिवारी दुपारी धायरीला अभ्याच्या फ्लॅटवर पोकर. पैसे नाहीत, चिंचोके.

शिकवणी अर्थातच अभ्याची. ‘चिंचोके कमी उरले की टेबलावरची पानं उघडायची वाट बघायची नाही. हातातली दोन बघा. बरी असली तर सगळे चिंचोके ढकला, नाहीतर पानं टाका.’

*

मंगेशला हे पटायचं नाही. आठ चिंचोके उरलेले असताना हा त्यातले दोन टाकणार, ‘पाहून तं घेऊ’ म्हणणार आणि हरणार. मग आणखी दोन.

‘अहो मंगेशराव, मरायचंच तर हप्त्यानं कशाला?’ अभ्यानं विचारलं.

मंगेशनं उरलेल्यातले दोन टाकले.

*

रेवतीनं मात्र धडा फारच मनावर घेतला. अप्रेझलला मॅनेजरला म्हणाली, ‘परदेशात ऑनसाइट पाठवा, नाहीतर मी चालले.’

मॅनेजर म्हणाला, ‘लॅपटॉप कधी जमा करताय?’

बाईंनी सॉरी म्हणून नोकरी वाचवली आणि राग अभ्यावर काढला.

‘समोरचा घाबरणार असेल तरच ढकलायचं असतं,’ अभ्या म्हणाला.

‘हे आधी का नाही सांगितलंस?’

‘तू विचारलं नाहीस.’

*

खालचे घरमालक एकदा आवाज ऐकून वर आले. ‘जुगार चाललाय का?’

‘नाही काका, नुसते चिंचोके.’

‘शिकलेली माणसं ना तुम्ही? हरायचंच तर काही किमतीचं तरी हरा.’

*

त्या वर्षी दिवाळीत एकाला सपोर्टसाठी पुण्यात थांबणं भाग होतं. मंगेशचं लग्न मे महिन्यात झालेलं, पहिला दिवाळसण. बायको आधीच माहेरी पोचलेली, सासऱ्यांचे रोज फोन. पण रजा सोडायला कुणीच तयार नाही. अभ्या तर सगळ्यात आधी ‘जमणार नाही’ म्हणाला. शेवटी ठरलं, शनिवारी ज्याचे चिंचोके आधी संपतील तो थांबेल.

खेळ रंगला तेव्हा मंगेश आणि अभ्या दोघांकडे सहा-सहाच उरले होते. मंगेशनं पानं पाहिली आणि पहिल्यांदाच सगळे चिंचोके ढकलले. मला वाईट वाटलं, पण रजा मलाही हवी होती. रेवतीनं पानं टाकली, मीही टाकली.

अभ्या आपली पानं बघत बसला. मग म्हणाला, ‘कॉल.’ आणि आपले सहाही मध्ये सरकवले.

मंगेशचे दोन गुलाम. अभ्याची सत्ती आणि दुर्री, वेगवेगळ्या रंगांची. या खेळात याहून भिकार हात नाही, हे आम्हाला त्यानंच शिकवलं होतं. टेबलावर पाच पानं उघडली. अभ्याच्या कामाचं एकही नव्हतं.

‘अरे, या पानांवर कॉल?’ रेवतीनं विचारलं.

तेवढ्यात मंगेशचा फोन वाजला. सासरे.

अभ्या पत्ते पिसत म्हणाला, ‘घ्या फोन. म्हणावं, जावई पत्ते बरे खेळतो.’